सेलमची गोष्ट तलासरीत शिकवताना

अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना ‘स्वभावचित्रण करा’ या प्रश्नाची उत्तरे तोंडपाठ असतात. नायक कष्टाळू, स्वाभिमानी आणि निर्भीड असतो. नायिका सोशिक आणि प्रेमळ असते. खलनायक असलाच तर कपटी असतो. प्रत्येक विशेषणाखाली रेघ, रेघेखाली पाठातला एक प्रसंग आणि शेवटी ‘अशा प्रकारे’ने सुरू होणारे एक वाक्य. नाटक कोणते आणि नाटककार कोण याने विशेष फरक पडत नाही. आमची दोघांची मिळून पस्तीस-छत्तीस वर्षे ही विशेषणे मोजून त्यांना अर्धा-अर्धा गुण देण्यात गेली आहेत.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. दोघेही मराठीत एम.ए., दोघेही अधिव्याख्याते, आणि एकमेकांच्या लेखनावर लाल शाई चालवण्याची दोघांनाही खोड. राहतो डहाणूत. एकीचा वर्ग डहाणूतच आहे. दुसरा रोज सकाळी चारोटी नाक्यावर गाडी बदलून महामार्गाने तलासरीला जातो. दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यातले (२०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातले), पण वर्ग अगदी निराळे. डहाणूच्या बाकांवर मांगेला, भंडारी, गुजराती दुकानदारांची मुले आणि चिकूच्या वाड्यांत राबणाऱ्यांची मुले शेजारी शेजारी बसतात. तलासरीचा वर्ग जवळजवळ सगळा वारली, थोडे कोकणा, थोडे धोडी. एकच धडा सकाळी दोन ठिकाणी शिकवून रात्री जेवताना ताळा करायचा, हा आमच्या संसारातला एक जुना करमणुकीचा प्रकार आहे. पुढची हकीकत त्या ताळ्यातूनच निघाली.

मराठीच्या माणसांनी अमेरिकन नाटक शिकवायला घेण्याचे कारण तसे किरकोळ आहे. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या मराठी ‘युवकभारती’त नाटक हा साहित्यप्रकार नेमलेला होता. ‘हसवाफसवी’, ‘ध्यानीमनी’ आणि ‘सुंदर मी होणार’ यांतले वेचे त्यात होते. त्याच वर्षीच्या इंग्रजीच्या पुस्तकातही नाटकाचा विभाग होता आणि त्यात इब्सेनच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’मधला एक प्रवेश. आमच्या दोन महाविद्यालयांपैकी एकात (कोणत्या ते विचारू नये) इंग्रजीची जागा बरेच महिने रिकामी राहिली, आणि ‘नाटकच आहे ना, तेवढे तुम्ही पाहून घ्या’ असा निरोप आला. पाहून घेतले. इब्सेनचे हे नाटक आर्थर मिलरने १९५० साली नव्याने लिहून न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आणले होते, हे त्या निमित्ताने वाचनात आले. इब्सेनकडून मिलरकडे आणि मिलरकडून ‘द क्रूसिबल’कडे जायला मग वेळ लागला नाही. परीक्षेशी त्याचा संबंध नव्हता. २०२२ च्या डिसेंबरात वाङ्मय मंडळाच्या तासाला दोन्ही वर्गांत हे नाटक घ्यायचे आम्ही ठरवले. प्रवेश आम्ही मराठीत सांगायचा, निवडक पाने मुलांनी इंग्रजीतून वाचायची, आणि शेवटी प्रत्येकाने एका पात्राचे स्वभावचित्रण लिहायचे. सवय सुटत नाही, दुसरे काय!

नाटक ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम या गावात १६९२ साली काही मुलींना चमत्कारिक झटके येऊ लागले आणि त्यांनी गावातल्या बायकांची नावे घ्यायला सुरुवात केली. या बाईने माझ्यावर सैतान घातला, त्या बाईची सावली माझा गळा आवळते, असे आरोप. न्यायासन बसले. एकोणीस जणांना फाशी झाली. जाईल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याने आरोपाला हो की नाही हे उत्तरच दिले नाही, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारण्यात आले. यातली भयंकर गोष्ट अशी की, ज्यांनी ‘होय, मी चेटूक केले’ असे कबूल केले आणि आणखी नावे दिली ते वाचले, नाकारणारे मेले. मिलरने ही कथा १९५३ साली रंगभूमीवर आणली तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध चालू होता आणि ‘तुमच्याबरोबर आणखी कोण कोण होते?’ हा प्रश्न लेखक-नटांना विचारला जात होता. पुढे १९५६ साली खुद्द मिलरला तो विचारला गेला. स्वतःविषयी तो बोलला, इतरांची नावे त्याने दिली नाहीत. १९५७ मध्ये त्याला त्याबद्दल दोषी ठरवले गेले आणि १९५८ मध्ये वरच्या न्यायालयात तो निकाल रद्द झाला. आपल्या नायकाला त्याने रंगमंचावर जे करायला लावले तेच तीन वर्षांनी त्याला स्वतःला करावे लागले, असे नाटककार फार नसतील.

शीर्षकापासूनच अडचण सुरू झाली. क्रूसिबल म्हणजे मूस, सोनार जिच्यात सोने वितळवतो ती. एकाच मुशीतून निघालेले, असे आपण सहज म्हणतो, पण मूस पाहिलेला एकही विद्यार्थी दोन्ही वर्गांत निघाला नाही. ते जमून गेले. खरी अडचण पुढच्या शब्दाची होती. ‘विच’ला काय म्हणायचे? पहिल्या दिवशी आम्ही दोघांनीही ‘चेटकीण’ म्हटले. चेटकीण हा आता बालनाट्यातला शब्द झाला आहे. लांब नाक, झाडू, खदाखदा हसणे. डहाणूत मुले हसली, तलासरीतही हसली. रात्री ताळा करताना ठरले की तलासरीत उद्या ‘भुताळी’ म्हणून पाहू. दुसऱ्या दिवशी तो शब्द उच्चारला आणि वर्गाचा आवाज बंद झाला. मागच्या बाकावरची कुजबूजही थांबली. शिक्षकाला असली शांतता फार प्रिय असते. आपला बाण लागला असे त्याला वाटते. तसे आम्हालाही वाटले, हे इथेच नोंदवून ठेवतो.

इकडच्या पाड्यांत भुताळी ही गोष्टीतली बाई नव्हे. मूल तापाने फणफणले, गाय आटली, विहिरीचे पाणी गेले की भगताकडे जायचे. भगत तांदळाचे दाणे पाहतो आणि कधी देवाचा कोप सांगतो, कधी माणसाचा. माणसाचा सांगितला तर बहुधा ते माणूस बाई असते, आणि बहुधा विधवा. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो असे जाहीर करून त्याचे जगणे अवघड करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मुलांना हा कायदा माहीत होता, भित्तिपत्रकावर वाचलेला. भुताळीही माहीत होती. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींना न भेटता नांदत होत्या. याला आम्ही अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणार नाही. आमच्याही मनात अशा पुष्कळ जोड्या नांदतात.

नाटक पुढे सरकू लागले तसे दोन वर्गांचे रस्ते फुटले. डहाणूला जॉन प्रॉक्टर आवडला. शेतकरी, रांगडा, धर्मोपदेशकाच्या सोन्याच्या दीपदानांवर चिडणारा, हातून एक पाप घडलेला आणि त्या पापाच्या ओझ्याखाली वाकलेला. शेवटी फास समोर असताना तो खोट्या कबुलीवर सही करतो, पण ती सही चर्चच्या दारावर लावणार असे कळताच कागद फाडतो. डहाणूच्या मुलामुलींनी त्याच्यावर वह्या भरल्या. कष्टाळू, स्वाभिमानी, निर्भीड. रेघा ओढलेल्या. एका मुलीने मात्र भांडण काढले. गावात एवढे बाप्ये, जमिनीचे वाद, धर्मोपदेशकाचा पगार, आणि सगळ्याचे मूळ म्हणून नाटककाराने सतरा वर्षांच्या पोरीची आसक्ती का दाखवली, असे तिचे म्हणणे. तिला सांगितले की प्रत्यक्षातली ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची होती आणि प्रत्यक्षातला प्रॉक्टर साठीचा. दोघांची वये मिलरने बदलली. त्यावर ती म्हणाली, “मग मॅडम, हे तर त्याने मुद्दाम केलं.” तिचे बरोबर आहे असे आम्हाला आजही वाटते. सबंध गावाच्या गुन्ह्याला एका मुलीच्या मत्सराची खुंटी देणे, हा या मोठ्या नाटकातला कच्चा सांधा आहे. तेंडुलकरांनी १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये असली खुंटी ठेवलेली नाही. तिथे बेणारेवर तुटून पडणाऱ्यांना कोणाच्याही आसक्तीची गरज लागत नाही. आपापल्या आयुष्यात हरलेली ती माणसे आहेत आणि दुपारचा वेळ मोकळा आहे, एवढे कारण पुरते. शिवाय बेणारेला मोठे होण्यासाठी फाशीचा चौथराही मिळत नाही. प्रॉक्टरला तो मिळतो. असो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तलासरीत प्रॉक्टरवर सहा-सात जणांनीच लिहिले. सर्वांत जास्त वह्या टिट्युबावर आल्या. टिट्युबा ही बार्बाडोसहून आणलेली गुलाम बाई; पहिल्या अंकात धर्मोपदेशक आणि शेजारी तिच्यावर ओरडतात, चाबकाची, फाशीची भाषा करतात, आणि ती कबुली देऊन टाकते. समीक्षेच्या पुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात. एका मुलाने लिहिले होते, “टिट्युबा खोटारडी नाही. मालकाला काय ऐकायचे आहे ते तिला कळते.” विशेषण एकही नाही, रेघ नाही. आम्ही ती वही रात्री दोनदा वाचली. जिथे हा मुलगा बसतो तिथून फार दूर नसलेल्या झरी गावात मे १९४५ मध्ये वारल्यांनी एकत्र येऊन जमीनदाराची वेठ नाकारली होती, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचले आहे त्यांना लग्नगडी म्हणजे काय ते सांगायला नको. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही मालकाच्या घरी जखडले जात. मालकाला काय ऐकायचे आहे ते ओळखणे ही तिथे स्वभावातली उणीव नव्हती. जगण्याचे ते एक साधन होते. आमच्या गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

प्रॉक्टरच्या कागदाची गोष्टही तलासरीतच उलगडली. डहाणूच्या वर्गाला प्रश्न पडला होता की, तोंडाने तर त्याने कबूल केलेच आहे, मग सहीचे एवढे काय? आम्ही ‘नाव’, ‘प्रतिष्ठा’, ‘आत्मसन्मान’ असे पाठ्यपुस्तकी उत्तर दिले. तलासरीत हा प्रश्नच कोणाला पडला नाही. एकाने सहज सांगितले, “बोललेलं वाऱ्यावर जातं सर, कागद परत येतो.” त्याच्या घरी त्याचे आजोबा अजून कुठल्याही कागदावर अंगठा देत नाहीत, शिधावाटप दुकानातल्या यंत्रावर बोट ठेवतानाही का-कू करतात. अंगठा गेला की जमीन जाते, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलेले. मग नावाचाही विषय निघाला. वारल्यांत मुलाचे नाव पुष्कळदा जन्मवारावरून ठेवतात, सोम्या, बुध्या, शुक्र्या असे. आणि शाळेत घालताना ते ‘नीट’ करून दुसरेच लिहिले जाते. वर्गातल्या कितीजणांना दोन नावे आहेत ते त्या दिवशी कळले. पटावरचे एक आणि घरचे एक. प्रॉक्टर नक्की कोणत्या नावासाठी मेला असेल, घरच्या की पटावरच्या, अशी चर्चा अर्धा तास रंगली. इतका चांगला तास आमच्या वाट्याला फार वेळा आलेला नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघांनी आधीच ठरवून टाळली होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावाने ठार मारले. टाळेबंदीचे दिवस होते; मुले पळवणारे हिंडत आहेत अशा अफवा मोबाईलवरून पाड्यापाड्यांत पोचल्या होत्या आणि लोक रात्री पहारे देत होते. भय या भागाला नवे नव्हते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसत होते आणि माणसे थंडीत घराबाहेर झोपत होती. पण भुईच्या भयाने कोणी कोणाचे नाव घेतले नव्हते. अफवेने माणसे मारली. शंभराहून अधिक जणांना अटक झाली. दूरचित्रवाणीवर त्या रात्रीचे जे जे अर्थ लावले गेले त्यांत आम्हाला शिरायचे नाही. सेलमची गोष्ट सांगताना ती रात्र आमच्या आणि मुलांच्या मध्ये उभी होती, एवढेच सांगायचे आहे. त्या बाजूच्या गावांतले कोणी आमच्या वर्गात आहे का, कोणाच्या घरचे माणूस त्यात अडकले आहे का, हे आम्ही विचारले नाही. ‘आणखी कोण कोण होते’ हा प्रश्न आपल्या तोंडून निघता कामा नये, असे आम्ही एकमेकांना बजावले. आपल्या या विवेकाचे आम्हाला थोडे कौतुकही वाटले होते.

आणि त्याच आठवड्यात आम्ही तो गृहपाठ दिला.

‘आपल्या परिसरात कोणावर भुताळी असल्याचा आळ आला असल्यास ती हकीकत लिहा व त्या व्यक्तीचे स्वभावचित्रण करा.’ वाक्य तलासरीवाल्याचे, पण आदल्या रात्री डहाणूवालीने ते वाचून ‘छान, यात निरीक्षण येईल’ असे म्हटले होते; दोष वाटून घेण्यासारखा आहे. नावे लिहू नयेत, ही सूचना आम्ही घातली नाही. सुचलीच नाही. ‘भुताळी’ शब्दावर पसरलेली ती शांतता आम्हाला पुन्हा ऐकायची होती, दुसरे कारण प्रामाणिकपणे सापडत नाही.

सोमवारी वह्या आल्या. बऱ्याच जणांनी ऐकीव, दूरच्या गोष्टी लिहिल्या होत्या. एका मुलाला उठवून वाचायला सांगितले. अक्षर चांगले, वाचतो स्पष्ट. त्याने एका म्हातारीची हकीकत वाचली. तिचे नाव, पाडा, ओहोळालगतचे शेत, कोणाचे वासरू मेले ते सगळे. चांगले लिहिले होते. वर्ग ऐकत होता आणि काही मुले तिसऱ्या बाकाकडे पाहत होती. आम्ही त्याला ‘शाबास’ म्हटले. तास संपल्यावर उरलेल्या वह्या चाळताना आणखी तिघांनी तीच म्हातारी लिहिल्याचे दिसले. एकाने शेवटी हेही लिहिले होते की तिची नात आपल्याच वर्गात आहे.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

‘क्रूसिबल’मध्ये जाईल्स कोरीचा एक छोटा प्रसंग आहे, त्याच्याकडे आम्ही तोवर नीट पाहिले नव्हते. भूत-चेटूक ओळखणारा विद्वान उपदेशक गावात आला आहे म्हणताना हा म्हातारा मोठ्या उत्सुकतेने त्याला एक शंका विचारतो: माझी बायको रात्री पुस्तके वाचते आणि ती वाचत असली की मला प्रार्थना आठवत नाही, याचा अर्थ काय असेल? मनात काही वाईट नाही. नुसती जिज्ञासा, चारचौघांत हुशार दिसण्याची हौस. पुढे बायकोला पकडून नेतात. शिकवताना आम्ही दोघे मनातल्या मनात प्रॉक्टरच्या बाजूला उभे होतो. आमची जागा या जाईल्सजवळ होती. फरक इतकाच की जाईल्स पुढे जमिनीचा कट सांगणाऱ्या माणसाचे नाव न्यायाधीशाने मागूनही देत नाही, आणि छातीवर दगड रचले जात असताना आणखी वजन ठेवायला सांगतो. आमची तशी परीक्षा कोणी घेतली नाही.

रविवारी आम्ही दोघेही तिच्या घरी गेलो. महामार्ग सोडून आत, शेवटचा टप्पा पायी. पुढे घरकुलाच्या विटांची भिंत, मागचा भाग अजून कारवीचा, शेणाने सारवलेला. म्हातारी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मुलीने कोरा चहा केला. आम्ही माफी मागण्याची जी वाक्ये वाटेत जुळवली होती ती जरा जास्तच मराठीची झाली. मुलगी खाली पाहत ऐकत राहिली. मग म्हणाली, “तो मुलगा वाईट नाही सर. तुम्ही सांगितलं म्हणून त्याने वाचलं.”

यावर काय बोलणार?

आजीची हकीकत तिने तिच्या परीने दुरुस्त करून सांगितली. वासरू दिराचे होते. पुढे दिराच्या मुलाला ताप आला. भगताने दाणे पाहिले. शेत ओहोळालगतचे, उन्हाळ्यातही ओल धरणारे. ते दिराला हवे होते आणि नवरा गेल्यानंतर आजीने ते सोडले नव्हते. (सेलममध्येही टॉमस पुटनमचा डोळा शेजाऱ्याच्या जमिनीवर होता, हे तिने ऐकले होते, तिला ते समजावून सांगावे लागले नव्हते.) काही वर्षे विहिरीवर वेगळी वेळ. लग्नाला बोलावणे नाही. मग हळूहळू लोक विसरले, म्हणजे बोलायचे थांबले. “आता परत सगळ्यांच्या वहीत आलं,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

म्हातारीला वाटले असावे की आम्ही हजेरीसाठी आलो आहोत. नात कॉलेजात नीट शिकते का, तिला नोकरी लागेल का, असे तिने विचारले. मग अचानक त्या परक्या देशातल्या गोष्टीबद्दल विचारले. नातीने तिला संध्याकाळी नाटक सांगितले होते, रोजच्या रोज, आमचा तास झाला तेवढे. आमच्या या वाचनाला तिसरा वर्ग होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. तिचे बोलणे वारलीत; काही आम्हाला कळत होते, उरलेले मुलगी सांगत होती. त्या बायांचे काय झाले ते तिला माहीत होते. ज्या पोरींनी नावे घेतली त्यांचे काय झाले, हे तिला हवे होते.

मिलरच्या नाटकात ॲबिगेल मामाचे पैसे चोरून पळून जाते. ते सांगितले. पण खऱ्या सेलममध्ये ॲन पुटनम नावाची बारा वर्षांची मुलगी होती, सर्वांत जास्त नावे घेणाऱ्यांपैकी एक. तिने चौदा वर्षांनी, १७०६ साली, भर चर्चमध्ये उभे राहून माफी मागितली. तिचा कबुलीजबाब सगळ्यांसमोर वाचला गेला. हेही सांगितले, जरा उत्साहानेच सांगितले, कारण या गोष्टीत तेवढाच एक उजेड आहे असे आम्हाला वाटत आले होते. म्हातारीने शेंग सोलता सोलता एक शब्द विचारला. मुलीने तो मराठीत सांगितला: “कोणाकडे?”

ज्यांना फाशी झाली ती माणसे चौदा वर्षांपूर्वीच गेली होती. आम्ही चहा संपवला.

ती संक्रांतीनंतर परत आली. बाक बदलला होता, मागून दुसरा. बुडालेल्या दिवसांची हजेरी शिष्यवृत्तीसाठी लागणार होती, ती आम्ही लावली. नियमात बसत नव्हते. वाचून दाखवणाऱ्या मुलाशी आम्ही बोललो, त्याला ओरडलो नाही. तो तिच्या घरी गेला होता असे नंतर कळले, काय बोलला ते कळले नाही. तिने शेवटचे स्वभावचित्रण लिहिले ते मेरी वॉरनचे. मेरी ही प्रॉक्टरच्या घरची मोलकरीण. ती न्यायालयात खरे सांगायला उभी राहते, पण बाकीच्या मुली तिच्या अंगावर ओरडू लागल्यावर उलटते आणि प्रॉक्टरचेच नाव घेते. डहाणूत तिला ‘भित्री’, ‘विश्वासघातकी’ अशी विशेषणे मिळाली होती. हिने लिहिले होते की मेरी खरे बोलायला एकटी गेली, आणि खोटे बोलायला सगळ्या होत्या. बस, चार ओळी. आम्ही त्या वहीत गुण लिहिले नाहीत. तिने येऊन विचारले, सर, गुण राहिले, म्हणून मग लिहिले.

नाटक आम्ही त्यानंतरही दोन वर्षे दोन्हीकडे घेतले. पात्रे फक्त पुस्तकातली, अशी सूचना आता फळ्यावर पहिल्या दिवशी लिहितो. त्या चार वह्यांतली पाने मात्र अजून आमच्या कपाटात आहेत. वह्या परत देताना तेवढी कापून घेतली होती. फाडून टाकावीत असे एकीचे म्हणणे आहे. दुसऱ्याचे म्हणणे, त्यांवर जिचे नाव आहे तिला विचारल्याशिवाय ती फाडण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि विचारायला जायचे म्हणजे ते नाव पुन्हा घ्यायचे. दर उन्हाळ्यात कपाट आवरताना हा वाद होतो आणि पाने परत आत जातात.